टुरिस्ट ते स्टुडंट, व्हाया मुलुंड

आमच्या सासऱ्यांना साठी उलटल्यावर शिष्या मिळाली आणि ती नॉर्वेची निघाली, यात माझा काडीचाही दोष नाही हे मी आधीच सांगून टाकतो. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत आजही काही लोक 'ती श्यामसुंदररावांची भानगड' असं म्हणतात. मी भानगडी करत नाही. मी एका निमसरकारी खात्यात हेडक्लार्क आहे आणि दुसऱ्यांच्या भानगडींवर शेरे मारण्याचा मला पगार मिळतो. माझ्या टेबलावरून एकही कागद शेरा खाल्ल्याशिवाय पुढे गेलेला नाही. आमचे साहेब म्हणतात, श्यामसुंदरला कोरा कागद दिला तर त्यावर 'कोरा का?' असं लिहून तो परत पाठवेल. ही थट्टा आहे असं बाकीच्यांना वाटतं. मी ती प्रशस्ती समजतो.

सासरे म्हणजे काशीराम, ज्यांना आम्ही नाना म्हणतो. मूळचे मालवणकडचे. उमेदीची सगळी वर्षं गिरणीत गेली आणि रात्री डबलबारीत. डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळांनी समोरासमोर बसून पहाटेपर्यंत एकमेकांची जिरवायची, तीही देवाचं नाव घेऊन. नाना त्यात मृदंग वाजवत. मग संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि नाना एक ट्रंक आणि मृदंग घेऊन लेकीकडे, म्हणजे आमच्याकडे, राहायला आले. आल्यापासून ते गॅलरीत बसायचे. मृदंग कपाटावर आणि नाना गॅलरीत. क्षमा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "नाना बोलतच नाहीत हो." सासरा बोलत नाही ही तक्रार घेऊन कोणत्या खात्यात जायचं हे मला कळेना, म्हणून मीही गप्प होतो.

गणपतीत सोसायटीच्या पोरांनी नानांना धरून आणून मृदंगावर बसवलं. त्याच संध्याकाळी आमचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांच्या ऑफिसातल्या कोणीतरी एका नॉर्वेच्या बाईला 'खरा इंडियन गणपती' दाखवायला आणलं होतं. हिल्डा तिचं नाव. तिकडे शाळेत पोरांना ढोल शिकवायची आणि वर्षभराची रजा काढून जग बघायला निघाली होती. आरतीनंतर भजन सुरू झालं तशी ती नानांच्या समोर मांडी घालून बसली आणि प्रसाद वाटून संपला तरी उठली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या दारात उभी होती आणि कपाटावरच्या मृदंगाकडे बोट दाखवत होती.

"काय होयां हिका?" नानांनी विचारलं.

"शिकायचं म्हणतेय," क्षमाने सांगितलं.

नाना जरा वेळ तिच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बसांदे."

त्या दिवसापासून आमच्या घराचा कायापालट झाला. हिल्डा आतल्या खोलीत, शिवणाच्या मशीनशेजारी राहू लागली. सकाळी सहाला मृदंग सुरू. मृदंगाच्या डाव्या अंगाला भिजवलेली कणीक लावावी लागते, तेव्हा कुठे तो घुमतो. त्यामुळे आमच्या घरात रेशनच्या गव्हाची कणीक आधी मृदंगाला आणि उरली तर पोळीला असा क्रम पडला. मी एकदा त्यावर तोंडी हरकत घेतली. ती तोंडीच फेटाळण्यात आली. पण नाना बोलू लागले होते. जेवताना बोलायचे, जिन्यात बोलायचे, भाजीवाल्याशी भांडायचे. क्षमा एकदा ओट्याशी उभी राहून नुसती त्यांचा आवाज ऐकत होती आणि तिचे डोळे भरले होते. मी ते पाहिलं आणि कणकेचा विषय कायमचा सोडला.

दिवाळी झाली आणि एका रात्री जेवताना क्षमा म्हणाली, "हिल्डाचा व्हिसा संपतोय. एकदा मुदत वाढवून झाली, आता टुरिस्टवर वाढत नाही म्हणतात."

इथे मी जन्मातली सर्वांत मोठी चूक केली. म्हणालो, "हात्तिच्या, एवढंच ना? टुरिस्टचं स्टुडंट करून घेऊ. एक अर्ज लिहायचा."

नानांनी ताटावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. जावई म्हणून इतकी वर्षं मी त्या घराशी जोडलेला आहे, पण तशा नजरेने त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. माणसाला आदराची सवय नसली की तो चढतो. मला तो चढला.

मी तीन पानी इंग्रजी अर्ज लिहिला. त्यात 'हम्बली' दोनदा आणि 'सिम्पथेटिकली' एकदा होतं. तो घेऊन मी आणि हिल्डा परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत गेलो. खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी अर्जाचं पहिलं वाक्यही न वाचता तो परत सरकवला.

"टुरिस्टवर आल्यात ना? मग टूर करायची आणि जायचं."

"पण यांना शिकायचंय."

"मग यांनी नॉर्वेला जायचं, तिथल्या आपल्या वकिलातीत अर्ज करायचा आणि स्टुडंट होऊन परत यायचं."

"म्हणजे इथे येण्यासाठी इथून जायचं?"

"हो," बाई म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो, फक्त जरा जास्त वेळ लावून. पण हिल्डाचा चेहरा पडला. ती एकदा घरी गेली की शाळा तिला सोडणार नव्हती आणि परत येण्याइतके पैसेही तिच्याजवळ उरले नव्हते. ती गेली म्हणजे गेली. मी खिडकीत पुन्हा वाकलो आणि विचारलं, "अगदी इथल्या इथे बदल होतच नाही का?"

"नियम आहे. मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळालेला असेल तर खास बाब म्हणून होऊ शकतो," बाई म्हणाल्या. "पण होत नाही."

घरी येऊन मी हे सांगितलं. नाना उठून गॅलरीत गेले आणि बसले. क्षमाने माझ्याकडे पाहिलं. नाव क्षमा असलं तरी तिने आजवर मला कशाबद्दलही ती केलेली नाही, आणि या गोष्टीबद्दल तर या जन्मी करणार नाही हे मला तेव्हाच कळून चुकलं.

मुलुंडात एखादी गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर ती घडूच द्यायची नाही, एवढाच उपाय आहे. दुसऱ्या दिवशी सोसायटीत जो भेटेल तो सल्ला देऊ लागला. चंद्रप्रकाश म्हणाले, "सिंपल आहे यार. तिला नेपाळला पाठव, एक दिवस राहू दे, परत आण. माझ्या साडूने टेपरेकॉर्डर असाच आणला." टेपरेकॉर्डर आणि हिल्डा यांत सरकारदरबारी फरक आहे हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "तू फार नियमाने चालतो ना, म्हणून तुझी कामं होत नाहीत." तळमजल्यावरच्या वनमालाताईंचा सल्ला मात्र एका वाक्याचा होता. "पोरीचं लग्न लावून द्या, म्हणजे व्हिसाबिसा काही नको." एवढं बोलून त्या थांबल्या असत्या तर पुढचं सगळं टळलं असतं. पण चंद्रप्रकाशांचा एक भाचा बोरीवलीला होता, बँकेत होता, आणि पस्तिशी आली तरी त्याचं जमत नव्हतं. त्या दोघांनी जिन्यात उभं राहून ते स्थळ मनातल्या मनात पक्कं केलं. हिल्डाला विचारायचं त्यांना सुचलं नाही, आणि मला कोणी सांगितलं नाही.

मी तोवर संस्थेच्या मागे होतो. मान्यताप्राप्त संस्था कुठून आणायची? आणि मला आठवलं की नानांचं गिरणगावातलं भजन मंडळ रीतसर नोंदलेलं होतं. उत्सवाला लाउडस्पीकरची परवानगी मिळावी म्हणून कधीकाळी त्यांनी नोंदणी केली होती. बस्स. त्या मंडळाचा 'मृदंग वर्ग, मुलुंड शाखा' मी एका आठवड्यात उभा केला. शिक्के करून आणले, एक गोल आणि एक लांबट. प्राचार्य कोणीतरी हवा होता, तो मी झालो. मला मृदंग येत नव्हता, पण आमच्या खात्याच्या साहेबांना तरी आमच्या खात्यातलं काय येतं?

खिडकीतल्या बाईंनी आता अर्ज वाचला. मला भरून आलं. मग त्यांनी शेरे काढायला सुरुवात केली आणि मी कान देऊन ऐकत राहिलो, कारण त्या कलेतलं मला कळतं. अभ्यासक्रम कुठे आहे? वेळापत्रक कुठे आहे? संस्थेत विद्यार्थी एकच कसा? प्रत्येक शेरा असा की त्याला उत्तर द्यायला आठवडा जावा. अभ्यासक्रमाची मुदत किती हा शेरा सगळ्यांत अवघड निघाला, कारण त्या दिवशी मी नानांना बरोबर नेलं होतं.

"किती वर्षांचा कोर्स आहे, आजोबा?" बाईंनी विचारलं.

"हात बसासर," नाना म्हणाले.

"हात बसेपर्यंत म्हणजे किती?"

"कोणाचो बसता, कोणाचो मरासर बसना नाय."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. मी घाईघाईने "दोन वर्षं" म्हणालो. नाना माझ्याकडे वळले आणि भर कचेरीत म्हणाले, "दोन वर्षांत साधो धा तरी सरळ पडता काय हो जावयबापू? खोटां कित्याक लिवतास?" शेवटी 'दोन वर्षे, प्रगतीनुसार वाढ' असं ठरलं. ती शब्दयोजना माझी होती आणि ती सुचल्याचा मला आजही अभिमान आहे.

विद्यार्थी वाढवायला मी सोसायटी फिरलो. चंद्रप्रकाश, वनमालाताई आणि मी स्वतः असे तिघे दाखल झालो. प्राचार्यांनी आपल्याच संस्थेत विद्यार्थी व्हावं का, हा तात्त्विक प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवला. मृदंग एकच असल्यामुळे आम्ही तिघे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांवर वाजवायचो. नाना आमच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. एकदा फक्त माझ्या डब्याकडे बघून म्हणाले, "तो खाली ठेवा. त्येका दुखता." मी हजेरीपटावर स्वतःची उपस्थिती लावली आणि डबा खाली ठेवला.

सगळे शेरे संपले तेव्हा बाई म्हणाल्या, "आता पोलिस चौकशी होईल. घरी येतील. शेजारपाजारी विचारतील." मी निर्धास्त होतो. शेजारपाजारच तर माझी संस्था होती, म्हणून मी कोणाला काही सांगूनही ठेवलं नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी मी कामावरून परत आलो तर वनमालाताई जिन्याच्या तोंडाशी उभ्या. चेहऱ्यावर तेज.

"भाऊजी, पेढे आणा आता. हिल्डाचं जमल्यासारखं आहे."

"काय जमलं?"

"दुपारी एक गृहस्थ चौकशीला आले होते. नॉर्वेची मुलगी इथेच राहते का, विचारलं. मी लगेच ओळखलं. बोरीवलीचे. वरपक्षाकडचे."

"नाव काय म्हणाले?"

"परब. पन्नाशीचे असतील. साधा शर्ट, पायात तपकिरी बूट."

तपकिरी बूट! तसे बूट पायात घालून मुलगी बघायला कोणी जात नाही. तसे बूट सरकार देतं. मी पायरीवर बसलो.

"तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

"सांगणार काय, चार चांगल्या गोष्टी सांगितल्या. परकी का आहे ती? दिवसभर करते काय, विचारलं. मी म्हटलं, रिकामी बसत नाही हो. भाकरी थापते, आणि पोरांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते, महिन्याकाठी चार पैसे हातात खेळतात."

"वनमालाताई, ती शिकवण्या घेत नाही. तुमच्या नातीला एकदा तिने कविता म्हणून दाखवली, फुकट."

"अहो, कमावती म्हटलं की वजन पडतं."

"आणि मृदंगाचं?"

"ते तर त्यांनी खोदून खोदून विचारलं. मला शंका आलीच, सुनेने मृदंग बडवलेला कोणाला आवडणार? मी म्हटलं, ती आपली तात्पुरती हौस. लग्न झालं की सुटते. माझी पेटी नाही का सुटली?" एवढं म्हणून त्या क्षणभर थांबल्या, आणि मग पुन्हा उत्साहाने म्हणाल्या, "परत मायदेशी जाणार का, म्हणाले. मी म्हटलं, छे, आता ही कायमची इथलीच."

"वय विचारलं असेल."

"चोवीस सांगितलं."

"ती एकतीस वर्षांची आहे."

"एकतीस सांगून कोणाचं जमलंय का आजवर?"

तेवढ्यात चंद्रप्रकाश खाली आले. त्या दिवशी रजेवर असल्यामुळे तेही चौकशीच्या वेळी हजर होते. भाच्याकडूनच माणूस आलाय हे गृहीत धरून त्यांनी आपल्या परीने घराणं उजळलं होतं. हिल्डाचे वडील नॉर्वेत मासळीचा धंदा करतात. छोटी होडी आहे, स्वतःच हाकतात. पण ते बरं दिसत नाही म्हणून चंद्रप्रकाशांनी सांगितलं होतं की वडील आरमारात मोठ्या हुद्द्यावर आहेत. "बोट म्हणजे बोट ना यार," ते म्हणाले. "मोठी की छोटी, कोण बघायला जातंय?"

मी त्यांना सांगितलं की ते गृहस्थ पोलिस खात्याचे होते. वनमालाताईंनी पदराने तोंड पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "अगं बाई. आणि मी त्यांना पोहे दिले."

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. अर्जदार, गुरू आणि प्राचार्य यांनी नोंदणी कचेरीच्या साहेबांसमोर हजर व्हावं. क्षमा म्हणाली, मृदंग न्या. सरकारी कचेरीत मृदंग घेऊन जाणं मला हेडक्लार्क म्हणून मान्य नव्हतं आणि मी तसं ठणकावून सांगितलं. मग मी तो खांद्याला लावला आणि आम्ही निघालो. क्षमाने माझ्या जेवणाच्या डब्यात पोळीभाजीऐवजी ओल्या फडक्यात गुंडाळलेला कणकेचा गोळा दिला. नानांनी धुतलेलं धोतर आणि डबलबारीला घालायचे तो कोट घातला होता, आणि त्यांचे हात मांडीवर नुसते पडले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

साहेब पन्नाशीचे, चष्मा नाकावर. बाजूला परब हवालदार उभे. साहेबांनी रिपोर्ट वाचायला घेतला. अर्जदार पर्यटक असून बेकायदा शिकवण्या करते. अभ्यास हे निमित्त. विवाहाच्या बेतात असून कायम वास्तव्याचा इरादा. शेजाऱ्यांनी सांगितलेलं वय आणि पासपोर्टवरचं वय यांत सात वर्षांची तफावत. वडील परकी आरमारात वरिष्ठ अधिकारी. मी आयुष्यभर रिपोर्ट वाचत आलो, पण इतका बिनतोड रिपोर्ट माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. त्यात हरकत घ्यायला जागाच नव्हती.

मी उभा राहिलो आणि पाठ केलेलं इंग्रजी निवेदन सुरू केलं.

"मराठीत बोला," साहेब म्हणाले.

मी मराठीत सांगितलं. भाचा, बोरीवली, वरपक्ष, पेटी, होडी, सगळं. सांगता सांगता मला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. साहेब परबांकडे वळले.

"परब, तुम्हाला तिथे खायला काय दिलं?"

"पोहे, साहेब."

"नुसते?"

"वरून खोबरं, कोथिंबीर. लिंबाची फोड पण होती."

"मग तुमच्या लक्षात यायला नको? चौकशीला आलेल्या पोलिसाला कोणी लिंबाची फोड देतं का?"

परब मान खाली घालून म्हणाले, "साहेब, मला वाटलं, लोक चांगले आहेत."

साहेबांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, पण त्यांचा चेहरा काही सैल झाला नाही. "बरं, ते सोडून देऊ," ते मला म्हणाले. "पण ही विद्यार्थिनी कशावरून? हजेरी तुम्ही लावली, शिक्के तुम्ही मारले, प्राचार्य तुम्ही. तुम्हाला येतो का मृदंग?"

"मी प्रशासकीय बाजू सांभाळतो."

"म्हणजे नाही येत." मग ते हिल्डाकडे वळून इंग्रजीत म्हणाले की तुम्हाला काही सांगायचं आहे का. हिल्डा जे मराठी शिकली ते नानांकडून शिकली होती. ती म्हणाली, "सायबानू, माका आजून शिकाचा आसा." परब हवालदारांनी दचकून वर पाहिलं. साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला.

"वाजवून दाखवा," ते म्हणाले.

हिल्डा फरशीवर बसली. तिने कणकेचा गोळा फोडून मृदंगाच्या डाव्या अंगाला थापला, बोटाने कडा सारखी केली, आणि सुरू झाली. मी संगीतातला माणूस नाही, पण तो तुकडा मला पाठ होता. न्हाणीघराच्या भिंतीतून रोज ऐकूनच माझी दाढी होत असे. परबांचा पाय हलू लागला. दाराशी कचेरीतले लोक जमले, त्यांत खिडकीतल्या बाईही होत्या. माझा जीव जरा थाऱ्यावर आला, आणि तेवढ्यात नाना ओरडले.

"चुकलां. परत."

हिल्डाने चमकून त्यांच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पहिल्यापासून सुरू केलं. मधेच पुन्हा, "चुकलां. ह्यां काय वाजवतंस? हात हा काय लाकूड हा?" तिसऱ्यांदा तर नाना उठून उभे राहिले आणि सगळ्या कचेरीदेखत तिला असं काही बोलले की दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी नजर वळवली. आजच्या दिवशी चुकायचं? आणि चुकली तर चुकली, ते साहेबांपुढे सांगायची काय गरज होती?

"पुरे," साहेब म्हणाले.

"पुरे कसां सायबानू? पोरगी चुकता आणि तुमी पुरे म्हणतास? परत गो."

हिल्डाने परत वाजवलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते मला म्हणाले, "हिचं शिकायचं बाकी आहे एवढं तर मला दिसलं. आणि चारचौघांत इतकं बोलून घेऊन जी उठून जात नाही, ती विद्यार्थिनी नाही तर कोण? मी खास बाब म्हणून शिफारस करतो. दिल्लीहून उत्तर येईपर्यंत राहू द्या हिला." मग नानांकडे बघून म्हणाले, "आजोबा, जरा सबुरीने घ्या."

खिडकीतल्या बाईंनी दाराशी मला गाठलं. म्हणाल्या, "होत नाही म्हणाले होते ना मी? झालं." त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती आणि मला ती समजली.

त्या संध्याकाळी सोसायटीत पेढे वाटले गेले. वनमालाताईंनी दोन घेतले. चंद्रप्रकाश म्हणाले की नेपाळपेक्षा हेच बरं झालं, आणि भाच्यासाठी आता मुलुंडातच दुसरं एक स्थळ बघितलंय. मी मात्र अस्वस्थ होतो. गर्दी पांगल्यावर मी गॅलरीत गेलो. नाना तिथे बसले होते.

"नाना," मी म्हणालो, "साहेबांपुढे पोरीला इतकं बोलायला नको होतं. झाली असेल चूक."

नाना रस्त्याकडे बघत म्हणाले, "जावयबापू, पोर चुकूक नाय."

"म्हणजे?"

"एकदा पण नाय. तिचो हात आता माज्यापेक्षा बरो पडता. माज्याकडे होता तां सगळां तिका देवन झाला. मी बरोबर म्हटलंय असतंय, तर सायब म्हणालो असतो, मगे झाला ना शिकान, जा घराक. आणि ती गेली काय मी परत हयसर बसतलंय. ह्या गॅलरीत."

प्राचार्य म्हणून मी त्यांना जाब विचारायला हवा होता. मी त्यांच्याशेजारी स्टूल ओढून बसलो आणि आम्ही दोघे जरा वेळ रस्ता बघत राहिलो.

मग मी आत गेलो. हिल्डा मृदंगाची कणीक खरवडून काढत होती. तिची समजूत घालावी म्हणून मी इंग्रजीत म्हणालो की आज जे झालं ते मनाला लावून घेऊ नका, नाना वयस्कर आहेत. तिने हात न थांबवता माझ्याकडे पाहिलं.

"मी चुकूक नाय," ती म्हणाली. "माका ठावक आसा."

मी गॅलरीचं दार हळूच लोटून घेतलं.

"नानांक सांगू नकात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरशासमोर दाढी करत होतो. भिंतीपलीकडे मृदंग सुरू झाला. मी वस्तरा थांबवून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. सगळं जिथल्या तिथे होतं.

"चुकलां," नानांचा आवाज आला. "परत."

"होय नानानू," हिल्डा म्हणाली, आणि तिने परत सुरू केलं.